खर्ज, तार आणि कानांतील केशपेशी

अल्लादियाखांसाहेब राजर्षि शाहू महाराजांच्या आश्रयास आले, आणि कोल्हापूरकरांच्या कानाला खर्ज-तारांतील बारीक भेद पारखण्याची संवय लागली, असें म्हणावयास हरकत नाहीं. परंतु, श्रोतेहो, तो भेद टिपतें कोण? कानाच्या आंत, वाटाण्याएवढ्या शंखांत बसलेल्या सुमारें पंधरा हजार केशपेशी!

त्या प्रथम नीट पाहिल्या इटालियन आल्फोन्सो कोर्तीनें. जर्मनींत वुर्झबर्ग येथें काम करून त्यानें १८५१ सालीं आपला निबंध प्रसिद्ध केला. पुढें स्टॉकहोमच्या गुस्ताफ रेत्सियसनें १८८१ व १८८४ सालच्या दोन ग्रंथांत माशांपासून सस्तन प्राण्यांपर्यंतचे कान चितारले. चित्रें अप्रतिम, कार्यकारण मात्र अंधारांत.

या पेशी एका सांच्याच्या नाहींत. आंतील एका ओळींतल्या पेशी सुरईसारख्या फुगीर, बाहेरील तीन ओळींतल्या सरळ नळीसारख्या. प्रत्येकीच्या माथ्यावर केसांच्या पायऱ्या असतात. शंखाच्या तोंडाशीं, जेथें तार स्वर टिपले जातात, तेथें बाहेरील नळ्या आखूड व केस तोकडे. खर्ज टिपणाऱ्या टोंकाकडे दोन्हीं लांब होत जातात. शेजारच्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियांतही सुरई व नळी असे दोन प्रकार आहेतच. ते स्वीडनच्या वेर्सालनें १९५६ सालीं वेगळे दाखविले.

मग कोडें पडलें. ध्वनीची वार्ता मेंदूकडे नेणारे शेंकडा सुमारें ९५ मज्जातंतु आंतील सुरयांनाच जोडलेले, असें १९६० नंतरच्या दशकांत श्पेंडलिननें दाखविलें. तर त्यांच्या तिप्पट संख्येच्या नळ्या कशासाठीं? उत्तर १९८५ सालीं अमेरिकेंतील ब्राउनेलनें दिलें: विजेच्या स्पर्शानें ही नळी आखडते व लांबते, आणि मंद ध्वनीला जोर देते. ऐकणारा कान स्वतः हलतो, ही गोष्ट मला तरी अजून अजब वाटते.

मात्र मोठ्या आवाजानें प्रथम बळी पडतात त्या याच नळ्या, आणि त्यांतही शंखाच्या तोंडाकडील. पक्ष्यांच्या कानांत मेलेल्या केशपेशी पुन्हां उगवतात, हें १९८८ सालीं सिद्ध झालें. मनुष्याच्या कानांत त्या उगवत नाहींत. मिरवणुकींतील ध्वनिवर्धकांच्या भिंतीपुढें वर्षानुवर्षें नाचणाऱ्या तरुणास पुढें खर्ज ऐकूं येतो. पण बोलण्यांतील 'स' आणि 'श' निसटूं लागतात, आणि तंबोऱ्याची जवारी पुसट होते.