तिसरं हेलिकॉप्टर: स्टीव्ही रे वॉनची शेवटची रात्र

अपघाताची चौकशी कशी करतात, हे चाकण एमआयडीसीत काम करणाऱ्याला शिकवावं लागत नाही. शेवटच्या क्षणाशी थांबून भागत नाही. त्याआधी कोणी काय ठरवलं, ते क्रमानं मांडावं लागतं. गिटारवादक स्टीव्ही रे वॉनची शेवटची रात्र अशीच मांडायला हवी. रॉक कलाकार तरुणपणी गेला म्हटलं की लोक आधी नशेचं नाव घेतात. वॉनवर तो अन्याय आहे.

त्या रात्रीआधीची वर्षं
डॅलसचा हा पोरगा १९८३ मध्ये दोनदा जगापुढे आला: गायक डेव्हिड बोवीच्या ‘लेट्स डान्स’ या अल्बमवर त्याची गिटार वाजली आणि ‘टेक्सास फ्लड’ हा त्याचा पहिला अल्बम निघाला. जाड तारा, अर्धा स्वर खाली लावलेली स्ट्रॅटोकास्टर गिटार आणि मनगटात अफाट ताकद. पण दारू आणि कोकेननं त्याला पोखरलं होतं. १९८६ मध्ये युरोपच्या दौऱ्यात तो कोसळला. उपचार घेतले आणि नशा कायमची सोडली. १९८९ चा ‘इन स्टेप’ त्यानं पूर्ण शुद्धीत केला. त्याला ग्रॅमी मिळालं.

रविवार, २६ ऑगस्ट १९९०, संध्याकाळ
विस्कॉन्सिन राज्यातलं ईस्ट ट्रॉय. स्कीइंगच्या टेकड्यांलगतचं अल्पाइन व्हॅली हे खुलं नाट्यगृह. सलग दुसऱ्या रात्रीची मैफल. रॉबर्ट क्रे, वॉन आणि त्याचा ‘डबल ट्रबल’ संच, मग एरिक क्लॅप्टन.

रात्री उशिरा
शेवटी क्लॅप्टन सगळ्यांना मंचावर बोलावतो. बडी गाय, क्रे, वॉन आणि त्याचा थोरला भाऊ जिमी ‘स्वीट होम शिकागो’ वाजवतात. ज्या भावाचं ऐकून स्टीव्ही गिटार शिकला, तो शेवटच्या गाण्याला शेजारी होता.

मैफलीनंतर
मंचामागे लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधल्या कार्यक्रमांच्या गप्पा चालल्या होत्या. हवा बिघडत होती, धुकं दाटत होतं. लवकर निघायला हवं, असा निरोप आला. शिकागोला नेण्यासाठी चार हेलिकॉप्टरं उभी होती. स्टीव्ही, जिमी आणि जिमीची बायको कॉनी एकत्र जाणार होते, पण तिसऱ्या हेलिकॉप्टरमध्ये एकच जागा उरली होती. ती स्टीव्हीनं मागून घेतली.

सोमवार, २७ ऑगस्ट, रात्री १२:५०
चाकणमध्ये तेव्हा सकाळचे ११:२० झाले होते. तिसरं हेलिकॉप्टर उडालं. ते इतरांपेक्षा खालून गेलं आणि चढत्या टेकडीच्या दिशेनं आग्नेयेला वळलं. जेमतेम एक किलोमीटरवर ते टेकडीवर आदळलं. वैमानिक, क्लॅप्टनच्या चमूतले तिघे आणि ३५ वर्षांचा स्टीव्ही, असे पाचही जण जागीच गेले.

पहाटे ४:३०
अपघात कोणी पाहिला नव्हता. जवळजवळ चार तासांनी अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाला खबर मिळाली.

सकाळ
अवशेष सापडले. मृतदेहांची ओळख पटवायला जिमी आणि क्लॅप्टन यांना जावं लागलं.

चौकशी
वैमानिकाच्या शरीरात दारू नव्हती, अमली पदार्थही नव्हते. बाहेरचं दिसेनासं झाल्यावर फक्त उपकरणांच्या भरवशावर उडवण्याची त्याची पात्रता विमानापुरती होती, हेलिकॉप्टरसाठी नव्हती. अंधार, धुकं, कमी उंची आणि समोर टेकडी. यातली एकही गोष्ट अचानक उद्भवली नव्हती. ‘उजाडेपर्यंत थांबू’ असं ठरवायला वेळ होता. ते कोणी ठरवलं नाही.

म्हणून मी याला रॉकस्टारचा मृत्यू म्हणत नाही. काम संपवून मुक्कामाला निघालेल्या माणसाचा हा प्रवासातला अपघात आहे. सेकंड शिफ्ट सुटल्यावर तळेगाव चौकातून बसनं घरी जाणाऱ्यांना तो परका वाटू नये. स्वतःला सावरण्याचं जे अवघड काम वॉनच्या हातात होतं, ते त्यानं पुरं केलं होतं. बाकीचं त्याला नेणाऱ्यांच्या हातात होतं. हिवाळ्यात नाशिक रस्त्यावर धुकं उतरतं तेव्हा ‘गाडी आत्ता काढत नाही’ म्हणण्याचा हक्क चालकाला हवा, आणि त्या उशिरासाठी ना त्याचे पैसे कापले जावेत, ना बसमधल्या कामगारांचे.