एचआयव्हीबाधित मुले : लस टोचली, पण संरक्षण मिळाले का?

लसीकरण कार्डावरील सर्व नोंदी पूर्ण असल्या, तरी एचआयव्हीबाधित मुलाला त्या रोगांपासून पुरेसे संरक्षण लाभले आहे, असे गृहीत धरता येत नाही. लसीची परिणामकारकता ज्या पेशींवर अवलंबून असते, त्यांच्यावरच हा विषाणू आघात करतो.

लस शरीराला रोगजंतूची ओळख करून देते. ही ओळख स्मरणात ठेवणाऱ्या 'बी' पेशींना सीडी-४ पेशींचे साहाय्य लागते. एचआयव्ही सीडी-४ पेशी नष्ट करीत असल्याने प्रतिपिंडे कमी निर्माण होतात व लवकर ओसरतात. दक्षिण आफ्रिकेतील सोवेटो येथील न्यूमोकॉकल लसीच्या चाचणीत (२००३) लसीतील प्रकारांमुळे होणारा गंभीर आजार निरोगी बालकांत ८३ टक्क्यांनी, तर बाधित बालकांत ६५ टक्क्यांनी घटला. संरक्षण कमी पडले, तरी लस निरुपयोगी ठरली नाही.

मृत आणि जिवंत लसी

पेंटाव्हॅलंट, न्यूमोकॉकल व इंजेक्शनद्वारे दिली जाणारी पोलिओ लस यांत जिवंत जंतू नसतात. त्यामुळे त्या बाधित मुलांनाही सुरक्षित आहेत.

बीसीजी व गोवर-रुबेला या जिवंत लसींबाबत मात्र दक्षता आवश्यक असते. बाधित अर्भकांत बीसीजीचे जंतू शरीरभर पसरण्याचा धोका असल्याने २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा बालकांना ही लस न देण्याचा सल्ला दिला. उपचार सुरू असून प्रकृती व सीडी-४ स्थिर असल्यास ती द्यावी, असे २०१८ मध्ये स्पष्ट करण्यात आले. भारतात बीसीजी जन्मतःच दिली जाते. तेव्हा बाळाला लागण झाली आहे की नाही, हे बहुधा ठाऊक नसते. मातेची प्रतिपिंडे बाळात १८ महिन्यांपर्यंत राहू शकत असल्याने सहाव्या आठवड्यापासून विषाणूची थेट चाचणी करावी लागते.

गोवर या मुलांत प्राणघातक ठरू शकतो. म्हणून सहाव्या महिन्यापासून एक जादा मात्रा देण्याची जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. प्रतिकारशक्ती अत्यंत खालावलेली असल्यास मात्र ही लस लांबणीवर टाकली जाते.

उपचार लवकर, लस पुन्हा

औषधोपचाराने सीडी-४ पेशी वाढतात, परंतु हरवलेली स्मृती आपोआप परत येत नाही. त्यामुळे उपचारांनंतर गोवरासारख्या काही लसी पुन्हा द्याव्या लागतात. उपचार जितके लवकर सुरू होतील, तितकी ही हानी कमी होते. दक्षिण आफ्रिकेतीलच २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्या १२ आठवड्यांत उपचार सुरू केल्याने बालमृत्यूंचे प्रमाण ७६ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. भारतातही २०१७ पासून सीडी-४ कितीही असले, तरी उपचार दिले जातात.

अडचण असते ती गुप्ततेची. कलंकाच्या भीतीने पालक लसीकरण केंद्रावर निदान सांगत नाहीत आणि आवश्यक जादा मात्रा राहून जाते. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने अशी माहिती गोपनीय राखणे बंधनकारक केले आहे. त्यामुळे एआरटी केंद्राची नोंदवही व लसीकरण कार्ड ही दोन्ही एकाच डॉक्टरांना दाखवणे, हेच मुलाच्या हिताचे आहे.