पस्तीस डॉलर आणि एक लाख डॉलर



आजच्या भागात लढाया नाहीत, राजे नाहीत, गडकोटही नाहीत. आज गोष्ट आहे काही चिन्हांची. त्यांतली एकदोन तर तुमच्या घरात आत्ता असतील. मुलांचे बूट दारात पडले असतील, तर त्यांच्यावर बघा. पाकिटातलं बँकेचं कार्ड बघा. न्यूयॉर्कला आलेल्या पाहुण्यांसाठी घेतलेला तो लाल हृदयाचा टी-शर्ट आठवा. ही चिन्हं कोणी काढली, हे थोडंफार कुठे कुठे वाचायला मिळतं. मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं. काम देणारा आणि काम करणारा समोरासमोर बसले, तेव्हा त्यांचं काय बोलणं झालं? काम काय ठरलं, आणि पैसे किती ठरले?

हा विषय का घेतला, तेही सांगते. मी आयटीतली. चित्रकला शाळेच्या एलिमेंटरी परीक्षेपुढे गेली नाही. पण ग्राहकाला नेमकं काय हवंय, त्याचे किती पैसे होतील, मध्येच त्याचा विचार बदलला तर काय करायचं, हे कागदावर उतरवणं हे माझं रोजचं काम. आणि आपल्या मंडळांमध्ये मी एक गोष्ट नेहमी बघते. केटररकडे आपण ताटामागचा भाव मागतो, हॉलचं भाडं घासाघीस करून ठरवतो. पण कोणाची मुलगी डिझाइन शिकते आहे असं कळलं की आपण सहज म्हणतो, ‘बाळा, गणपतीसाठी एक छानसा लोगो करून दे ना. तुला काय, दहा मिनिटांचं काम!’ ती मुलगीही पैशाचं काही बोलत नाही, कारण घरच्या माणसांशी पैशाचं बोलायचं नाही हे तिला आपणच शिकवलेलं असतं.

हा संकोच फक्त आपलाच आहे असं मात्र नाही. ‘ग्राफिक डिझाइन’ हा शब्दच तसा नवा. विल्यम ॲडिसन ड्विगिन्स नावाच्या अमेरिकन कलाकाराने १९२२ साली एका लेखात तो वापरला, आणि पुढे तो हळूहळू रुळला. तोवर असं काम बरेचदा छापखान्याच्या किंवा जाहिरात कंपनीच्या बिलात मिसळलेलं असे. कागदाचे पैसे, शाईचे पैसे, आणि त्यातच कुठेतरी चित्राचे. ज्या कामाला वेगळं नाव नाही, त्याचा वेगळा भाव कसा ठरणार?

आता पहिली गोष्ट. साल १९७१, गाव ओरेगनमधलं पोर्टलंड. फिल नाइट नावाचा तरुण पोर्टलंड स्टेट विद्यापीठात हिशेबशास्त्र शिकवायचा आणि जोडीला ‘ब्लू रिबन स्पोर्ट्‌स’ नावाची बुटांची कंपनी चालवायचा. तिथे शिकणाऱ्या कॅरोलिन डेव्हिडसनला पैशाची चणचण होती. तैलरंगाच्या वर्गाचं सामान परवडत नाही, असं ती कोणाला तरी सांगत होती, ते नाइटच्या कानावर पडलं. त्याने तिला तासाला २ डॉलर देऊन तक्ते आणि आलेख काढायचं काम दिलं. मग कंपनीने स्वतःचे बूट काढायचं ठरवलं, तेव्हा बुटाच्या बाजूला लावायचं चिन्हही तिच्याकडूनच मागितलं. मागणी थोडक्यात अशी, की चिन्हात गती दिसली पाहिजे आणि ते आदिदासच्या तीन पट्ट्यांसारखं वाटता कामा नये.

तिने काही नमुने दाखवले. नाइटला त्यातलं एकही फारसं आवडलं नाही. पण बूट बाजारात आणायची वेळ जवळ आलेली, म्हणून एक निवडला. आत्ता आवडत नाही, पुढे आवडायला लागेल कदाचित, अशा अर्थाचं काहीतरी तो म्हणाला. बिल झालं ३५ डॉलर. २ डॉलरने भागलं की साडेसतरा तास होतात. नायकेची ती खूण, ते ‘स्वूश’, अशी आली.

आमच्या धंद्याच्या भाषेत हा ‘टाइम अँड मटेरियल’चा व्यवहार, म्हणजे जितके तास तितके पैसे. त्यात फसवणूक काहीच नव्हती. ठरलेला दर मिळाला, आणि पुढेही काही वर्षं ती त्या कंपनीचं काम करत राहिली. १९८३ साली कंपनीने तिला बोलावून छोटा समारंभ केला, त्या चिन्हाची हिरा जडवलेली सोन्याची अंगठी दिली आणि कंपनीचे शेअरही दिले. गोष्ट गोड झाली. पण नीट बघा, १९८३ची ती भेट नाइटची मर्जी होती, डेव्हिडसनचा हक्क नव्हता. १९७१ साली दोघांपैकी कोणीही विचारलं नव्हतं, की हे चिन्ह किती देशांत, किती वर्षं, कशाकशावर वापरलं जाणार? दर ठरला हाताला लागणाऱ्या वेळाचा. चिन्हाने पुढे जे काम केलं, त्याचा उल्लेखच त्या बोलण्यात नव्हता.

आता दुसरी गोष्ट, बरोबर उलट टोकाची. १९८५ साली स्टीव्ह जॉब्स ॲपलमधून बाहेर पडला आणि त्याने ‘नेक्स्ट’ ही कंपनी काढली. तिच्या चिन्हासाठी त्याला एकच माणूस हवा होता, पॉल रँड. आयबीएम, यूपीएस, वेस्टिंगहाउस, एबीसी या सगळ्यांची चिन्हं रँडची. तो आयबीएमशी बांधलेला होता, म्हणून जॉब्सने आधी आयबीएमकडून परवानगी मिळवली. म्हणजे बोलणं सुरू होण्याआधीच एक कागद पुरा झाला.

मग जॉब्सने विचारलं, मला दोन-चार पर्याय दाखवाल का? सत्तरी ओलांडलेल्या रँडने सरळ नाही म्हटलं. मी तुमचा प्रश्न सोडवीन आणि तुम्ही मला पैसे द्याल. केलेलं काम वापरायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पर्यायच हवे असतील तर दुसऱ्यांकडे जा. पुढे १९९३च्या एका मुलाखतीत जॉब्सने हे स्वतःच कौतुकाने सांगितलं आहे. भाव होता १ लाख डॉलर, आणि चिन्ह एकच.

हे ऐकून ‘केवढा अहंकार!’ असं वाटेल. पण त्या बोलण्यात किती गोष्टी पक्क्या झाल्या ते मोजा. काय मिळणार? एक उत्तर. किती द्यायचे? ठरलेली रक्कम, आवडो न आवडो. निर्णय कोणाचा? एकट्या जॉब्सचा. आणि प्रश्न काय? तोही स्पष्ट होता. नवी कंपनी, शिक्षणक्षेत्रासाठीचा संगणक, आणि त्याचा आकार काळ्या ठोकळ्याचा. रँडने चिन्ह नुसतं पाठवून दिलं नाही. एक पुस्तिका छापून आणली. तिच्यात नावाची अक्षरं वेगवेगळ्या टायपात कशी दिसतात, सगळी मोठी का नकोत, ‘ई’ अक्षर लहान का ठेवलं, हे पानापानाने समजावलं होतं, आणि शेवटी तो तिरका ठोकळा. ग्राहकाने ज्याचे पैसे मोजले, त्यामागचा विचारही त्याच्या हातात ठेवला.

पिवळ्या रंगाच्या छटेवरून दोघांची जुंपली, असं जॉब्सच्या चरित्रात आहे. जॉब्सला ती अधिक भडक हवी होती, पण रँडने ऐकलं नाही आणि जॉब्सने माघार घेतली. नेक्स्टचे संगणक फारसे खपले नाहीत. पुढे ॲपलने ती कंपनी विकत घेतली, आणि तुमच्या हातातल्या आयफोनचं सॉफ्टवेअर नेक्स्टच्याच पायावर उभं आहे. चिन्ह मात्र मागे पडलं. म्हणजे ३५ डॉलरचं चिन्ह जगभर गेलं, आणि लाख डॉलरचं आज संग्रहात बघायला मिळतं. एक मात्र ध्यानात घ्या. चिन्ह पुढे चालेल की नाही, यावर रँडने भाव ठरवलाच नव्हता. तो ठरला होता उत्तराच्या जबाबदारीवर.

तिसरी गोष्ट त्या ‘दहा मिनिटांच्या कामा’ची. १९९८ साली सिटीकॉर्प आणि ट्रॅव्हलर्स या दोन मोठ्या कंपन्या एक झाल्या. ट्रॅव्हलर्सची खूण होती लाल छत्री. पेंटाग्राम या संस्थेतल्या पॉला शेर यांनी अगदी सुरुवातीच्या बैठकीतच कागदी नॅपकिनवर ‘सिटी’ असं लिहिलं आणि ‘टी’वर एक कमान काढली. लहान ‘टी’चा खालचा आकडा म्हणजे छत्रीची मूठ, वरची कमान म्हणजे छत्री. मोबदला १५ लाख डॉलर होता असं सांगितलं जातं. मग लोक म्हणाले, पाच मिनिटांचे एवढे पैसे?

शेर यांचं म्हणणं असं, की ते काही सेकंदांत सुचलं खरं, पण त्यामागे कित्येक वर्षांचं काम होतं. शिवाय खरा वेळ गेला तो पुढे. दोन कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना ते पटवण्यात बैठकांवर बैठका झाल्या. आयटीतल्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको. कोड लिहायला दोन दिवस आणि मंजुरीला दोन महिने! म्हणून किंमत काढताना चित्राला लागणारे तासच मोजून चालत नाही. ‘हो’ म्हणणारी माणसं किती आहेत, तेही मोजावं लागतं.

आणि चौथी गोष्ट फुकट कामाची. १९७७ साली न्यूयॉर्क राज्याला पर्यटक वाढवायचे होते. दोनच वर्षांपूर्वी न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या दारात उभं होतं. मिल्टन ग्लेसर यांनी एक चिन्ह करून दिलं आणि ते मंजूरही झालं. मग एक दिवस टॅक्सीत बसल्या बसल्या त्यांना त्याहून चांगलं सुचलं, ते त्यांनी एका पाकिटावर रेखाटलं. राज्याच्या अधिकाऱ्याला फोन केला, की मला बदल करायचा आहे. मंजूर झालेलं आता कशाला उकरायचं, म्हणून तो आधी तयार नव्हता. पण त्याने दुसरं बघितलं, आणि लाल हृदयाचं चिन्ह आलं. ते पाकीट आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे.

ग्लेसर यांनी एक पैसाही घेतला नाही. चिन्हाचा ट्रेडमार्क राज्याकडे आहे आणि परवान्यांचं उत्पन्न राज्याला मिळतं. आपल्या शहरासाठी केलं याचंच त्यांना समाधान होतं. पण तेव्हा ते नवखे विद्यार्थी नव्हते, देशभर नाव झालेले कलाकार होते. फुकट करायचं हा निर्णय त्यांचा होता. करणाऱ्याने स्वतःहून न घेणं हे दान झालं. मागणाऱ्याने ते गृहीत धरणं हे दान नव्हे.

आता थोडं कायद्याकडे वळू. अमेरिकेत १९७६ साली नवा कॉपीराइट कायदा झाला आणि १ जानेवारी १९७८पासून लागू झाला. त्याआधी, पैसे देऊन बाहेरून करून घेतलेलं काम पैसे देणाऱ्याचंच, असा न्यायालयांचा कल असे. नव्या कायद्याने चित्र बरंचसं पालटलं. नोकरीत नसलेल्या, स्वतंत्र काम करणाऱ्या कलाकाराच्या चित्राचा कॉपीराइट सहसा त्याच्याकडेच राहतो, आणि तो पूर्णपणे दुसऱ्याला द्यायचा तर लेखी द्यावा लागतो. म्हणजे चित्र घेतलं आणि हक्क घेतला, या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. त्यामुळे ‘हे नक्की कुठे वापरणार?’ हा प्रश्न किमतीच्या बोलण्यातच विचारायला हवा.

आपल्याकडचंही एक उदाहरण बघू. रुपयाचं चिन्ह, ₹. भारत सरकारने त्यासाठी खुली स्पर्धा घेतली. पाच जणांची अंतिम फेरीसाठी निवड झाली, आणि १५ जुलै २०१० रोजी आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागात संशोधन करणाऱ्या डी. उदय कुमार यांचं चिन्ह मंजूर झालं. देवनागरी ‘र’ आणि रोमन ‘आर’ यांचा मेळ. बक्षीस होतं अडीच लाख रुपये. देशाच्या चिन्हासाठी सगळ्यांना संधी, ही कल्पना सुंदरच आहे. पण स्पर्धेत हजारो लोक काम करतात आणि पैसे मोजक्यांनाच मिळतात. शिवाय रँडने जॉब्सला विचारले तसे प्रश्न तिथे कोणाला विचारता येत नाहीत. म्हणूनच व्यावसायिक डिझायनरांच्या संघटना, १९१४ साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेली एआयजीए धरून, ‘आधी करून दाखवा, आवडलं तर पैसे देऊ’ या पद्धतीबद्दल सावध राहायला सांगतात.

तर मंडळी, या सगळ्यातून मला दिसतं ते असं. काम काय आहे आणि पैसे किती, ही दोन बोलणी वेगळी नसतात. काम नेमकं ठरलं की भाव आपोआप बोलायला सोपा जातो. ‘काहीतरी छान कर’ असं सांगितलं की भावही ‘बघू काहीतरी’ असाच राहतो, आणि मग सातव्या दुरुस्तीला दोघांचीही तोंडं वाकडी होतात.

पुढच्या गणेशोत्सवाचं पोस्टर किंवा दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ कोणाला सांगाल, तेव्हा एका कागदावर पाच ओळी लिहा. हे कशासाठी आणि कोणासाठी हवंय. कधीपर्यंत आणि कुठे कुठे वापरणार. किती नमुने आणि किती दुरुस्त्या. शेवटचा होकार कोणा एकाचा, कारण पंधरा जणांची समिती मिळून चित्र काढत नाही. आणि पाचवी ओळ, आमच्याकडे इतके पैसे आहेत. शंभर डॉलर असतील तर शंभर लिहा. नसतीलच तर ‘पैसे नाहीत, करशील का?’ असं विचारा, आणि ती नाही म्हणाली तर राग धरू नका.

तुमच्याच घरात चित्र काढणारं मूल असेल, तर त्याला ब्रश आणि लॅपटॉप जरूर घेऊन द्या. सोबत हेही शिकवा, की ‘याचे इतके होतील’ हे वाक्य मान वर करून म्हणता आलं पाहिजे. डॉक्टर म्हणतो, प्लंबर म्हणतो, मीही दर महिन्याला म्हणते. चित्रकाराने म्हटलं तर त्यात उद्धटपणा नाही.

आजच्यापुरतं एवढंच. पुढच्या भागात नवा विषय घेऊन भेटू. तोवर काळजी घ्या. नमस्कार!