ओळख कोणीं पटवावयाची?

गेल्या नोव्हेंबर महिन्यांत एके दिवशीं सकाळीं आमच्या महाविद्यालयांतील एक निवृत्त शिपाई आमच्या दारीं आले. तीस वर्षें त्यांनीं महाविद्यालयाची घंटा वाजविली. विद्यार्थ्यांपासून प्राचार्यांपर्यंत सारे त्यांस 'मामा' म्हणत. मामांचें वय आज सत्तरीच्या पुढें आहे. ज्या बँकेंत त्यांचें निवृत्तिवेतन जमा होतें, तेथें खातेदाराची ओळख नव्यानें पटवून द्यावयाची होती. मामांनीं यंत्रावर अंगठा ठेवला. यंत्रानें तो ओळखला नाहीं. दुसऱ्या हाताचा ठेवला; तोही नाहीं. खिडकीपलीकडील तरुणानें त्यांस सांगितलें, "काका, घरीं जाऊन मोबाइलवर चेहरा दाखवा, म्हणजे काम होईल." मामांजवळ फोन आहे तो साधा, बटणांचा. ते आम्हांस म्हणाले, "सर, मी त्याच्यासमोर उभा होतों. माझा चेहरा त्याला दिसत होता. मग फोनमधून तो वेगळा कसा दिसणार?"

मामांच्या या प्रश्नास आम्हांस तत्काळ उत्तर सुचलें नाहीं. इतिहास शिकविण्यांत आमचा जन्म गेला. तेव्हां उत्तर शोधण्यासाठीं आम्ही नेहमींच्या संवयीनें मागें वळून पाहूं लागलों. तसें पाहतां असें दिसून आलें कीं, अमुक व्यक्ति ती तीच आहे हें ठरविण्याची अडचण फार जुनी आहे. परंतु तें ठरविण्याचे श्रम कोणीं सोसावयाचे, याविषयींची समजूत मात्र अलीकडच्या कांहीं वर्षांत पार उलटी झाली आहे. तिचा थोडक्यांत मागोवा घ्यावा, एवढाच या लेखाचा हेतु.

ओळख पटविण्याची गरजच नाहीं असें कोणी म्हणूं लागेल, तर महाराष्ट्राच्या इतिहासानेंच त्याला उत्तर दिलें आहे. १४ जानेवारी १७६१ रोजीं सदाशिवरावभाऊ पानिपतावर पडले. परंतु ते जिवंत असल्याची वदंता पुढें कित्येक वर्षें मिटली नाहीं. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई यांचा तर पतिनिधनावर विश्वासच बसला नाहीं. अशा आशाळभूत काळांत तोतया उपजावा यांत नवल तें काय? सुखनिधान नांवाचा एक कनोजा ब्राह्मण आपण भाऊसाहेब आहों असें सांगूं लागला. माधवराव पेशव्यांच्या कारकीर्दींत त्याची चौकशी होऊन तो तोतया ठरला, व त्यास किल्ल्यावर कैदेंत ठेवण्यांत आलें. पुढें रत्नागिरीच्या किल्ल्यांतून सुटून त्यानें १७७६ सालीं कोंकणांत मोठें बंड उभारलें, आणि त्याच वर्षीं पकडला जाऊन पुण्यांत तो देहान्त शासन पावला. नरसिंह चिंतामण केळकरांच्या 'तोतयाचें बंड' या नाटकामुळें हा प्रसंग मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे. एका माणसाची खोटी ओळख राज्य हलवूं शकते, हा त्यांतील बोध.

युरोपांतही असेच प्रकार घडले. फ्रान्सच्या दक्षिणेंतील आर्तिगा गांवचा मार्तें गेर हा शेतकरी १५४८ सालीं घर सोडून निघून गेला. १५५६ सालीं 'तो' परत आला. बायकोनें, बहिणींनीं, शेजाऱ्यांनीं त्याला ओळखलें, आणि संसार पुन्हा सुरू झाला. पुढें चुलत्याशीं तंटा होऊन प्रकरण तूलूझच्या न्यायालयांत गेलें. १५६० सालीं न्यायाधीश त्याच्या बाजूनें निर्णय देण्याच्या बेतांत असतां खरा मार्तें लाकडी पाय टेकीत न्यायालयांत येऊन उभा राहिला! म्हणजे माणसाची दृष्टि, अगदीं पत्नीची दृष्टि म्हटली तरी, चुकूं शकते. तेव्हां कागद, शिक्के, ठसे यांचा शोध माणसास लागला तो कांहीं केवळ सरकारी खोडसाळपणामुळें नव्हे.

परंतु या दोन्ही प्रकरणांत एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. शंका ज्यास आली त्यानेंच चौकशीचा भार उचलला. पेशव्यांनीं चौकशी बसविली. तूलूझच्या न्यायाधीशांनीं साक्षीदार तपासले. सैन्यांतील जुनी रीत पाहिली तरी तेंच दिसतें. हजेरीच्या वेळीं एकाच्या जागीं दुसरा शिपाई व चांगल्या घोड्याच्या जागीं तट्टू उभें करण्याची लबाडी मोडण्यासाठीं अल्लाउद्दीन खिलजीनें, आणि पुढें अकबरानें, घोड्यास दाग देण्याची व शिपायाचें वर्णन दप्तरांत लिहून ठेवण्याची पद्धति चालविली. त्या वर्णनासच 'चेहरा' म्हणत; आपल्या भाषेंतील 'चेहरेपट्टी' हा शब्द त्याच कुळांतला. हा चेहरा लिहीत असे तो सरकारी लेखक. शिपायानें स्वतःची दौत-लेखणी घेऊन यावें, असें कोणी म्हटल्याचें आम्हांस ठाऊक नाहीं.

अंगठ्याच्या ठशाचा जन्म तर आपल्याच देशांतला. विल्यम हर्शेल हा इंग्रज अधिकारी १८५८ सालीं बंगालमध्यें जंगीपूर येथें होता. रस्त्याच्या खडीचा करार करतांना राज्यधर कोनाई नांवाच्या ठेकेदारानें पुढें सही नाकारूं नये म्हणून त्यानें त्याच्या पंजाचा ठसा कागदावर घेतला. पुढें १८७७ सालीं हुगळी येथें असतांना त्यानें बोटांचे ठसे घेण्याची रीत तीन ठिकाणीं सुरू केली: दस्तांच्या नोंदणीच्या कचेरींत, तुरुंगांत, आणि निवृत्तिवेतन वांटण्याच्या जागीं. वृद्ध मरून गेल्यावर त्याच्या नांवानें दुसराच कोणी वेतन घेऊन जाऊं नये, हा त्यांतील तिसऱ्याचा हेतु. १८९२ सालीं फ्रान्सिस गॉल्टननें या विषयावर ग्रंथ लिहिला. १८९७ सालीं कलकत्त्यास ठशांचें पहिलें दप्तर उघडलें. तेथील अझीझुल हक व हेमचंद्र बोस या दोघांनीं वर्गीकरणाचे पुष्कळसे कष्ट उपसले, व नांव झालें तें त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचें. १९०१ सालीं हीच पद्धति लंडनच्या स्कॉटलंड यार्डानें उचलली.

आमच्या मामांचा अंगठा या इतिहासाचा थेट वारस आहे. फरक इतकाच कीं, हर्शेलच्या काळीं शाई सरकारची, कागद सरकारचा, आणि ठसा पाहणारा डोळाही सरकारचाच होता. वृद्धास आणावा लागे तो केवळ आपला हात.

तेवढ्यानेंही माणसाचा मान दुखावला जाऊं शकतो, हें दक्षिण आफ्रिकेंतील हिंदी लोकांनीं दाखवून दिलें. ट्रान्सवालमध्यें प्रत्येक हिंदी मनुष्यानें दहाही बोटांचे ठसे देऊन परवाना बाळगला पाहिजे, असा कायदा येऊं घातला, तेव्हां ११ सप्टेंबर १९०६ रोजीं जोहान्सबर्ग येथील सभेंत त्यास न जुमानण्याची शपथ घेण्यांत आली. पुढें तडजोड झाली असें वाटून गांधींनीं आपण होऊन ठसे दिले; परंतु सरकारनें शब्द पाळला नाहीं असें दिसतांच १६ ऑगस्ट १९०८ रोजीं त्या परवान्यांची होळी करण्यांत आली. ठसा देण्यास त्यांची हरकत नव्हती. ठसा देईपर्यंत प्रत्येक हिंदी मनुष्यास लबाड मानण्यास त्यांची हरकत होती.

योगायोग असा कीं, त्याच १९०८ सालीं हिंदुस्थानांत दस्तनोंदणीचा कायदा झाला, आणि त्याचें ३८ वें कलम याच्या अगदीं उलट वृत्तीचें निघालें. शरीराच्या दुर्बलतेमुळें ज्यास कचेरींत येणें जोखमीचें किंवा फार गैरसोयीचें आहे, जो तुरुंगांत आहे, किंवा ज्यास कायद्यानें न्यायालयांत जातीनें हजर राहण्याची माफी आहे, त्यानें नोंदणीकचेरींत येण्याची गरज नाहीं. नोंदणी अधिकाऱ्यानें स्वतः त्याच्या घरीं अथवा तुरुंगांत जावें, नाहींतर तपासणीसाठीं दुसरा मनुष्य नेमावा, असें हें कलम सांगतें. परक्या सरकारचा हा कायदा. पण माणूस येऊं शकत नसेल तर कचेरीनें उठून त्याच्याकडे जावें, हा साधा विवेक त्यांत होता.

आतां आपल्या काळाकडे येऊं. २००९ सालीं आधार योजनेचें प्राधिकरण स्थापन झालें, आणि २९ सप्टेंबर २०१० रोजीं देशांतील पहिला आधार क्रमांक नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली गांवच्या एका स्त्रीस देण्यांत आला. त्या दिवशीं यंत्र गांवीं गेलें होतें, हें आम्ही मुद्दाम नमूद करतों. ज्यांच्याजवळ जन्माचा दाखला नाहीं, शाळेचा नाहीं, जमिनीचा उताराही नाहीं, अशा लाखों लोकांस प्रथमच आपल्या नांवाचा एक कागद मिळाला, आणि या उपकाराविषयीं कृतघ्न होण्याचें कारण नाहीं.

परंतु क्रमांक मिळणें निराळें व तो क्रमांक आपला आहे हें दर वेळीं सिद्ध करणें निराळें. जन्मभर खोरें, विळा किंवा फडकें हातीं धरलेल्या माणसाच्या बोटांवरील रेषा झिजतात. म्हातारपणीं त्या आणखी पुसट होतात. शासकीय सेवांतील शेकडा १२ प्रयत्न फसतात, असें प्राधिकरणानेंच २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयांत मांडलेल्या आंकड्यांवरून दिसून आलें. न्यायालयानें त्याच वर्षीं २६ सप्टेंबरला योजना बहुमतानें वैध ठरविली. तथापि ठसा जुळला नाहीं एवढ्यावरून कोणाचा हक्काचा घांस जाऊं नये, ही चिंता त्या निकालांतही आहे.

अंगठा नाहीं तर फोन, असा मग दुसरा मार्ग निघाला. आधाराशीं जोडलेल्या क्रमांकावर सांकेतिक आंकडा येतो. तो क्रमांक बदलला किंवा हरवला असला तर पूर्वीं पुन्हा केंद्र गांठावें लागे. २०२० च्या जानेवारींत रिझर्व्ह बँकेनें बँकांस खातेदाराची ओळख चलच्चित्रावरून पटविण्याची मुभा दिली. ज्याच्याजवळ कॅमेरा आहे त्याची त्यामुळें खेप वांचली, हें खरें. पण मुभा म्हणून आलेली गोष्ट खिडकीपाशीं पोंचेपर्यंत सक्ति होऊन बसते, हा आमचा अनुभव. २०२१ च्या मे महिन्यांत १८ ते ४४ वर्षांच्या लोकांस लस हवी असल्यास आधीं संगणकावर किंवा फोनवर नांव नोंदवा, असा नियम झाला. ज्यांजवळ हीं साधनें नाहींत त्यांनीं काय करावें, हें सर्वोच्च न्यायालयास विचारावें लागलें, आणि त्याच सुमारास केंद्रावर जागच्या जागीं नोंदणीची सोय करण्यांत आली. २०१९ ते २०२१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत स्वतःच्या वापराचा मोबाइल असलेल्या स्त्रिया शेकडा ५४ च आढळल्या. आणि हा आंकडा कोणत्याही मोबाइलचा आहे, स्मार्टफोनचा नव्हे.

आपल्या राज्यांत २०२५ च्या सप्टेंबरांत लाडकी बहीण योजनेच्या लाभार्थी स्त्रियांस ओळख पटविण्यास सांगण्यांत आलें, तेव्हां सांकेतिक आंकडा स्वतःच्या व पतीच्या किंवा पित्याच्या अशा दोन फोनांवर येणार होता. पति वारलेला व पिताही हयात नसलेला, अशा बाईनें तो आंकडा कोणाकडे मागावा? मुदत वाढवून व अंगणवाडी सेविकेकडे कागद देण्याची वाट काढून शासनानें ही चूक सुधारली. शेवटीं उपयोगीं पडली ती पुन्हा माणसाची ओळख.

३० एप्रिल २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें दिलेला एक निर्णय या इतिहासांत आम्हांस फार मोलाचा वाटतो. तेजाबाच्या हल्ल्यानें ज्यांच्या डोळ्यांस व चेहऱ्यास इजा झाली अशा स्त्रियांस कॅमेऱ्यापुढें पापणी मिटतां येत नसे, आणि यंत्राच्या मतें पापणी मिटत नाहीं तो मनुष्य जिवंत नव्हे! या साधनांपर्यंत पोंचणें हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असें न्यायालयानें ठरविलें. पापणी मिटण्याखेरीज दुसऱ्या रीती ठेवाव्या व कागदावरील तपासणीची वाट बंद करूं नये, असेंही बजावलें.

कोणी म्हणेल, तोतयांची भीति दाखवून आतां तुम्ही यंत्राविरुद्ध बोलतां! तसें नाहीं. यंत्र असावें, पण तें कोणाच्या हातीं असावें, एवढाच वाद आहे. २०२० च्या नोव्हेंबरापासून पोस्टाच्या बँकेचा पोस्टमन वृद्धाच्या दारीं यंत्र घेऊन जातो व हयातीचा दाखला तेथेंच तयार करून देतो. त्यांत नवें यंत्र आहे आणि ३८ व्या कलमाचा जुना विवेकही आहे. संशय ज्याचा, साधन त्याचें, आणि खेपही त्याचीच, असा नियम प्रत्येक कचेरीनें पाळला तर तक्रारीला जागा उरणार नाहीं.

मामांबरोबर दुसऱ्या दिवशीं आम्ही स्वतः बँकेंत गेलों. व्यवस्थापकांनीं आम्हांस बसावयास खुर्ची दिली, मामांचें पासबुक पाहिलें, त्यावरील छायाचित्र व समोरचा चेहरा ताडून पाहिला, एका छापील अर्जावर सही घेतली, आणि पांच मिनिटांत काम संपलें. बाहेर आल्यावर मामा आमचे वारंवार आभार मानूं लागले. आम्हांस मात्र मनांतून संकोच वाटत होता. तो छापील अर्ज आदल्या दिवशींही त्याच टेबलाच्या खणांत होता, तोच चेहरा, तेंच पासबुक. नवा होता तो फक्त शेजारचा इस्त्रीच्या सदऱ्यांतला प्राध्यापक. मामांची ओळख त्या दिवशीं पटली ती आमच्यामुळें, आणि ज्यांच्याबरोबर जावयास कोणी प्राध्यापक नाहीं, ते कालच्या त्या खिडकीपुढें आजही उभेच आहेत.