तीन किलो तांदूळ आणि एक ताट



आजच्या विषयाला संयोजकांनी 'मुलांचा आहार : इतिहास आणि विचार' असे भारदस्त नाव दिले आहे. आम्ही आहारतज्ज्ञ नाही. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवले. त्यामुळे कोणत्या भाजीत किती लोह असते हे आमच्याकडून ऐकायला कोणी आले असेल, तर त्याची निराशा होईल. आम्हाला बोलायचे आहे ते वेगळ्याच प्रश्नावर. मुलाला जेवू घालणे हे काम कोणाचे, आणि हा प्रश्न आपण आजवर कसकसा सोडवत आलो, किंवा टाळत आलो?

सुरुवात एका फजितीने करतो. काही वर्षांपूर्वी एका जिल्हा परिषद शाळेत आम्हाला पाहुणे म्हणून बोलावले होते. पाहुणे जे बोलतात तेच आम्हीही बोललो. पालेभाज्या खा, दूध प्या, फळं खा, पुड्यांतलं खाऊ नका. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग पंगत बसली आणि आम्हीही मुलांबरोबर मांडी घालून बसलो. शेजारी तिसरीतली एक मुलगी होती. तिने बोटांनी खिचडी चाचपून पाहिली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही सांगितलेलं यात काहीच नाही." यात तक्रारीचा सूर नव्हता बरं का. तिने फक्त तपासून निष्कर्ष सांगितला होता. चाळीस वर्षे तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाकडे त्यावर उत्तर नव्हते.

चांगले खाण्याची सवय उपदेशाने लागत नाही. ॲरिस्टॉटल शीलाबद्दल हेच सांगतो. माणूस न्यायाची कृत्ये करत करत न्यायी होतो, व्याख्यान ऐकून होत नाही. जेवणाचेही तसेच. आधी ते अन्न कोणीतरी शिजवून, रोज, वेळेवर ताटात वाढावे लागते. हे इतके साधे वाक्य समाजाच्या गळी उतरायला शंभराहून अधिक वर्षे लागली. तो प्रवास आज थोडक्यात पाहू.

आपल्याकडे या प्रवासाचा एक आरंभ पुण्याजवळ सापडतो. १८७६–७७ चा दुष्काळ. दख्खनमध्ये गावेच्या गावे ओस पडली. त्या वेळी जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी सत्यशोधक समाजाच्या सहकाऱ्यांच्या मदतीने धनकवडीला बालाश्रम चालवला. तिथे दुष्काळात सापडलेल्या मुलांना जेवण मिळे. लक्षात घ्या, पुण्यात अन्नदान नवे नव्हते. पेशवाईतल्या दक्षिणा आणि भोजने पुण्याला चांगली ठाऊक होती. पण त्या दानात घेणाऱ्याची जात आधी पाहिली जाई. इथे पाहिली गेली ती भूक. दान तेच, पण त्यामागचा प्रश्न बदलला. तरीही हे संकटकाळातले काम होते. दुष्काळ सरला की असे आश्रम उठतात. रोजच्या भुकेला, जिला बातमीमूल्य नसते अशा भुकेला, अजून कोणी हात घातला नव्हता.

आता थोडे इंग्लंडला जाऊ, कारण विरोधाचा युक्तिवाद तिथे फार स्वच्छ मांडला गेला आणि तो आपण आजही ऐकतो. १८९९ ते १९०२ या बोअर युद्धाच्या काळात सैन्यभरतीला आलेले कितीतरी तरुण शरीराने इतके खुरटलेले निघाले, की राज्यकर्ते हादरले. साम्राज्य राखायचे कोणी? त्यातून १९०६ मध्ये शाळेत जेवण पुरवण्याचा कायदा झाला. स्थानिक संस्थांना त्याने परवानगी दिली, सक्ती मात्र केली नाही. त्यावर विरोधक म्हणाले, मुलाला जेवू घालणे हे बापाचे कर्तव्य आहे. ते सरकारने उचलले तर बाप बेजबाबदार होईल. वरवर पाहता हा नीतीचा युक्तिवाद दिसतो. पण यात शिक्षा कोणाला होते ते पाहा. चूक बापाची, किंवा बापाच्या मजुरीची, आणि उपाशी कोण? सहा वर्षांचे मूल. दुसऱ्याच्या कर्तव्याची आठवण करून देण्यासाठी तिसऱ्याला उपाशी ठेवणे कोणत्याही नीतिशास्त्रात बसत नाही. इंग्लंडमध्येही परवानगीचे कर्तव्य व्हायला १९४४ साल उजाडावे लागले.

आपल्याकडे मद्रासने हा प्रश्न लवकर ओळखला. १९२० मध्ये सर पी. त्यागराय चेट्टी यांच्या नेतृत्वाखालच्या मद्रास महापालिकेने थाउजंड लाइट्स भागातल्या एका शाळेत दुपारचे जेवण देण्याचे ठरवले. खर्चाची मर्यादा होती दर मुलामागे रोज एक आणा. गरिबांची मुले शाळेत का टिकत नाहीत, याचे कारण पालिकेने मुलांच्या डोक्यात शोधले नाही, पोटात शोधले. पण तिथे हिशेबाची अडचण आली. हा खर्च प्राथमिक शिक्षणाच्या निधीतून करता येणार नाही, असा सरकारी पवित्रा पुढे आला आणि योजना रखडली. खडू शिक्षणात मोडतो, फळा मोडतो, जेवण मोडत नाही! आज हसू येते. पण जेवण हे शिक्षणाच्या बाहेरचे, जास्तीचे, उपकाराचे काहीतरी आहे ही समजूत अजून आपल्या मनातून गेलेली नाही.

याच सुमारास साताऱ्यात काय चालले होते? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग' असे नामकरण झाले. राजर्षी शाहूंनी कोल्हापुरात समाजासमाजाची वसतिगृहे उभी केली होती. त्या काळात तेच शक्य होते. भाऊरावांनी पुढचे पाऊल टाकले. सगळ्या जातिधर्मांची मुले एका छपराखाली राहू लागली, एका चुलीवर शिजलेले एका पंगतीत खाऊ लागली. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. ही गोष्ट आपण त्यागाची कथा म्हणून सांगतो आणि डोळे पुसतो. पण तिच्यात एक विचारही आहे. मुलाला भाकरी मिळणे हा प्रश्नाचा अर्धा भाग झाला. ती कोणाच्या शेजारी बसून, कोणाच्या हातची मिळते हा उरलेला अर्धा. भाकरी पोट भरते, आणि आपण कोणापेक्षा खालचे नाही हे मूल पंगतीत शिकते.

स्वातंत्र्यानंतर पुन्हा मद्रासच पुढे. मुख्यमंत्री कामराज स्वतः लहानपणी शाळा सोडावी लागलेले. त्यांची गोष्ट सांगतात ती अशी. गुरे राखणाऱ्या मुलाला त्यांनी विचारले, शाळेत का जात नाहीस? तो म्हणाला, शाळेत गेलो तर जेवायला तुम्ही देणार का? गोष्ट खरी असो वा रचलेली, १९५६ नंतर त्या राज्यात शाळेतले जेवण पसरले हे खरे. पुढे १ जुलै १९८२ ला एम. जी. रामचंद्रन यांनी योजना फार मोठी केली. लोकानुनय म्हणून तिच्यावर टीका झाली. पैसा कारखान्यांत घाला, भातात काय घालता, असे विचारणारे तेव्हा पुष्कळ होते.

आणि आपण? महाराष्ट्रात आमच्या पिढीला १९७२ च्या दुष्काळातली सुकडी आठवते. म्हणजे पुन्हा संकट आले तेव्हाच. रोजच्या जेवणाचा देशव्यापी विचार झाला तो १५ ऑगस्ट १९९५ ला. प्राथमिक शाळेतल्या मुलाला रोज शंभर ग्रॅम धान्य, असे ठरले. पण बहुतेक राज्यांना स्वयंपाक नको होता. चूल कोण पेटवणार, भांडी कोण घासणार? मग सोपी वाट निघाली. महिन्यात ऐंशी टक्के हजेरी असेल, तर तीन किलो तांदूळ घरी न्या. महाराष्ट्रातही हेच. महिन्याअखेर पिशव्या घेऊन रांगा लागत, आणि मास्तर तराजू घेऊन बसत.

इथे जरा थांबू. आजच्या सगळ्या बोलण्याचा गाभा इथे आहे. हिशेबाने पाहिले तर दोन्ही एकच. शंभर ग्रॅम गुणिले तीस दिवस म्हणजे तीन किलो. पण तांदूळ घराच्या उंबऱ्याच्या आत गेला की त्याला घराचा कायदा लागू होतो. पाच माणसांच्या घरात तीन किलो तांदूळ किती दिवस टिकणार? दोन, फार तर तीन. त्यात आधी कर्त्याचे ताट, मग मुलगे, मग मुली, आणि उरलेसुरले आईचे. यात कोणी दुष्ट नसतो. गरिबीतले घर असेच चालते. शिजवलेल्या अन्नाला मात्र शाळेच्या पंगतीचा कायदा लागतो. तिथे मुलीला मुलाइतकेच मिळते आणि शेवटच्या बाकावरच्याला पहिल्याइतकेच. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही समता शिकवायला महिना घेत असू. डाव हातात घेतलेली बाई ती अर्ध्या तासात वाढून मोकळी होते.

हा फरक शेवटी सर्वोच्च न्यायालयाने ओळखला. २००१ मध्ये, एकीकडे दुष्काळ आणि दुसरीकडे धान्याने भरलेली सरकारी गोदामे अशा विचित्र अवस्थेत, पीयूसीएल या संघटनेने याचिका केली. २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशात न्यायालयाने सांगितले : कोरडे धान्य नको, शिजवलेले जेवण द्या, रोज किमान ३०० कॅलरी आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिने, वर्षातून किमान २०० दिवस. २००६ मध्ये प्राथमिकसाठी हे प्रमाण ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनांवर गेले. एप्रिल २००४ च्या आदेशाने आणखी एक गोष्ट जोडली. स्वयंपाकासाठी दलित, अनुसूचित जाती आणि जमातींतल्या लोकांना प्राधान्य द्यावे. बघा, धनकवडी आणि सातारा दोन्ही या दोन आदेशांत आले. भूक पाहून वाढणे आले, आणि कोणाच्या हातचे खायचे हा प्रश्नही आला. तो कागदावर सुटला म्हणजे गावात सुटला असे नाही. दलित बाईच्या हातचे नको म्हणून डबे घरून पाठवल्याच्या बातम्या देशाच्या वेगवेगळ्या भागांतून येत राहिल्या. पण जिथे पंगत टिकली, तिथे एक अख्खी पिढी हा प्रश्न न विचारता जेवून उठली.

आता आजचे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने शाळेतले जेवण हा मुलाचा हक्क झाला. पण पुढचा प्रश्न त्या तिसरीतल्या मुलीने विचारला तोच आहे : यात आहे काय? केवळ भाताने पोट भरते, वाढ होत नाही. नियमात माणशी २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी आहे. पण भाजीला पैसे पुरत नाहीत तेव्हा तिचीच मात्रा आधी घटते. आपल्या राज्याने २०२३ मध्ये आठवड्यातून एक अंडे, न खाणाऱ्याला फळ, असे ठरवले. २०२५ च्या आरंभी त्या खर्चातून अंग काढून घेतले. मोठ्यांच्या सोवळ्याओवळ्याचा आणि तिजोरीचा वाद चालतो, आणि ताट मुलाचे रिकामे होते. शिजवणाऱ्या बाईचे मानधन इतके तुटपुंजे, की तिच्या स्वतःच्या घरची चूल त्यावर पेटत नाही. आणि आम्ही पाहुणे मात्र जाऊन सांगतो, फळे खा!

म्हणून आमचे म्हणणे एवढेच. मुलांच्या खाण्याच्या सवयींवर बोलण्याचा अधिकार आधी ताट भरून मिळवावा लागतो. तुमच्या गावातल्या, वॉर्डातल्या शाळेत एकदा जेवणाच्या वेळी जा. भाषण करू नका. पंगतीत बसा, जेवा, डाळ किती आणि पाणी किती ते पाहा. शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात, त्यांना विचारा. परसबागेत दोन वाफे शेवग्याचे, पालकाचे होत असतील तर हात लावा.

शेवटी एका श्रोत्याने विचारलेला प्रश्न घेतो. ते म्हणाले, "सर, हे गरिबांच्या मुलांचं झालं. आमच्या घरी सगळं आहे, तरी नातू पोळीभाजीला हात लावत नाही, बिस्किटांवर राहतो. त्याचं काय?"

आम्ही त्यांना उलट विचारले, नातू जेवतो कोणाबरोबर? ते थोडे थांबले. म्हणाले, "एकटाच. मोबाईल समोर ठेवून. आम्ही सगळे आपापल्या वेळेला जेवतो."

मग प्रश्न तोच आहे, उत्तरही तेच. त्या घरात अन्न आहे, पंगत नाही. शाळेतल्या मुलाला पंगत आहे, ताटात भाजी नाही. मुलाला दोन्ही लागते. मेथीची भाजी चांगली असते हे आजोबांनी सांगून नातवाला पटणार नाही. आजोबा शेजारी बसून ती खातात, मागून घेतात, हे रोज दिसले तर कधीतरी त्याचा हात त्या वाटीकडे जाईल. आज जाणार नाही, उद्याही नाही. पण आपण तिथे बसलेले असले पाहिजे.