बस, एवढंच सांगायचं होतं!

परवा शनिवारी एक छोटासा उद्योग केला. घरून काम करताना मी लिनक्स लॅपटॉपवर गाणी लावून ठेवतो आणि चहाला उठताना ऑफिसच्या सवयीने स्क्रीन लॉक करतो. गाणं मात्र चालूच राहतं. मग आतून आईचा आवाज येतो, "अरे, ऐकायला कोणी नाही तर ते कशाला केकाटतंय?" म्हटलं, स्क्रीन लॉक झाली की गाणं आपोआप थांबलंच पाहिजे. पायथनच्या जेमतेम पंधरा ओळी लागल्या. काम फत्ते.

आता तुम्ही म्हणाल, यात काय मोठंसं? गंमत अशी की स्क्रीन लॉक करणारा प्रोग्रॅम एका गटाने लिहिलाय, गाणी वाजवणारा दुसऱ्याच. एकाला दुसऱ्याचं नावही ठाऊक नाही. मी तिसराच कोणीतरी. दोघांचाही सोर्स कोड न उघडता मी त्यांची ओळख करून दिली. हे शक्य झालं ते 'मेसेज बस'मुळे. तिचा इतिहास वाचत बसलो आणि रविवारही त्यातच गेला. म्हणून हा लेख.

आधी शब्दाचं बघू. इंजिनिअरिंगला इलेक्ट्रिकलच्या लॅबमध्ये 'बसबार' पाहिला असेल, म्हणजे तांब्याची जाड पट्टी, जिच्यावरून सगळ्यांना वीज मिळते. हा 'बस' आणि रस्त्यावरची आपली बस एकाच लॅटिन शब्दातून आले, ओम्निबस, म्हणजे 'सर्वांसाठी'. संगणकाच्या आतही तारांची अशी बस असते आणि तिच्यात निरनिराळी कार्डं खोचता येतात. मेसेज बस म्हणजे हीच कल्पना प्रोग्रॅमसाठी. दहा प्रोग्रॅम एकमेकांशी थेट जोडायचे तर ४५ जोडण्या लागतात, वीस असतील तर १९०. बस असेल तर प्रत्येकाची एकच जोडणी, बसशी.

पण नुसती बस असून भागत नाही. तिच्यावर काय बोलायचं हे कोण ठरवणार? प्रोग्रॅम लिहिणारा की वापरणारा? माझ्या मते या सगळ्या इतिहासाचा गाभा हा प्रश्न आहे. आणि स्क्रिप्टिंगची भाषा नेमकी इथेच कामाला येते.

सुरुवात करू १९७९ पासून. आयबीएममध्ये माइक काउलिशॉ नावाच्या इंग्रज अभियंत्याने फावल्या वेळात एक भाषा लिहायला घेतली, रेक्स. (शनिवार-रविवारी उद्योग करणारी जमात जुनीच आहे तर!) कंपनीच्या अंतर्गत नेटवर्कवर लोक ती वापरून सूचना पाठवत आणि तो त्याप्रमाणे बदल करी. १९८३ मध्ये आयबीएमने ती ग्राहकांनाही दिली. या भाषेत एक साधी पण भन्नाट सोय आहे. जी ओळ रेक्सची स्वतःची आज्ञा नाही, ती ओळ 'हे तुझं काम दिसतंय, बघ बुवा' म्हणून बाहेरच्या प्रोग्रॅमकडे सोपवली जाते. कोणाकडे सोपवायची ते 'अ‍ॅड्रेस' या आज्ञेने सांगायचं.

या सोयीचं सोनं झालं ते कमोडोर कंपनीच्या अमिगा या घरगुती संगणकावर. अमिगाच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये प्रोग्रॅम एकमेकांना निरोप पाठवू शकत होतेच, त्यासाठी 'पोर्ट' होती. विल्यम हॉज या एकट्या माणसाने १९८७ मध्ये रेक्स अमिगावर आणली, नाव एरेक्स. सुरुवातीला ती वेगळी विकत घ्यावी लागे. १९९० पासून, अमिगाच्या २.० आवृत्तीबरोबर, कमोडोरने ती सोबतच द्यायला सुरुवात केली. हळूहळू अशी प्रथाच पडली की चांगल्या प्रोग्रॅमला एरेक्सचं पोर्ट असायलाच हवं. एडिटर एका कंपनीचा, चित्रांचा प्रोग्रॅम दुसऱ्या कंपनीचा, आणि दोघांना एकत्र नाचवणारी स्क्रिप्ट कोणा हौशी माणसाची. १९९४ मध्ये कमोडोरचं दिवाळं निघालं, पण अमिगाचे जुने चाहते आजही एरेक्सबद्दल हळवे होऊन बोलतात.

त्याच दशकात, पण अगदी वेगळ्या दुनियेत, एक मुंबईकर याच वाटेवर होता. विवेक रणदिवे. जन्म १९५७, मुंबईचा. पुढे शिकायला एमआयटीत गेला. कार्डं खोचायची हार्डवेअरची बस असते तशी सॉफ्टवेअरची का नसावी, हा त्याचा प्रश्न. त्याच्या टेक्नेक्रॉन सॉफ्टवेअर सिस्टिम्स या कंपनीने 'इन्फर्मेशन बस' बनवली आणि ती शेअर बाजारातल्या दलालांच्या दालनांत जाऊन बसली. त्या आधी एकेका टेबलावर निरनिराळ्या स्रोतांचे निरनिराळे पडदे असत. बसवर मात्र भाव सांगणारा प्रोग्रॅम फक्त विषय जाहीर करतो. ज्याला त्या विषयात रस आहे तो ऐकतो. कोण ऐकतंय हे सांगणाऱ्याला कळायची गरजच नाही. १९९४ मध्ये रॉयटर्सने ती कंपनी घेतली आणि १९९७ मध्ये त्यातूनच टिब्को उभी राहिली. त्या नावातलं 'टिब' म्हणजे 'द इन्फर्मेशन बस'.

या बसवर तिच्या अभियंत्यांनी १९९३ मध्ये लिहिलेला शोधनिबंध आजही वाचनीय आहे. त्यातलं पहिलंच तत्त्व असं की बसच्या गाभ्यात कमीत कमी गोष्टी ठेवा. दुसरं, प्रत्येक निरोपाने आपल्या पोटात काय आहे ते स्वतःच सांगावं. कारण कारखाना असो वा बाजार, यंत्रणा बंद ठेवून बदल करायची चैन तिथे परवडत नाही. चालू गाडीतच चाक बदलायचं. म्हणून त्यांनी सोबत एक छोटी इंटरप्रिटेड भाषाही ठेवली होती, चालू यंत्रणेत नवे प्रकार ओतण्यासाठी. बस आणि स्क्रिप्टिंगची जोडी इथेही आहेच.

मग मोठी मंडळी आली. १९८९ मध्ये बऱ्याच कंपन्यांनी मिळून एक संघ स्थापला आणि १९९१ मध्ये त्यांचं 'कॉर्बा' हे प्रमाण आलं. कोणत्याही भाषेतला, कोणत्याही यंत्रावरचा प्रोग्रॅम कोणाशीही बोलू शकेल, असा थाट. नव्वदच्या दशकाच्या शेवटी लिनक्सवरच्या दोन्ही मोठ्या डेस्कटॉपांनी, म्हणजे केडीई आणि ग्नोम यांनी, कॉर्बाच धरलं. पण केडीईच्या लोकांची वर्षभरात 'भीक नको पण कुत्रा आवर' अशी गत झाली. साधा निरोप पाठवायला एवढा बोजा! ऑक्टोबर १९९९ मध्ये जर्मनीतल्या एर्लांगेन गावी ते जमले आणि कॉर्बाला त्यांनी चक्क सोडचिठ्ठी दिली. त्याच सुमारास माथियास एट्रिश आणि प्रेस्टन ब्राउन यांनी एक्स विंडोमध्ये आधीपासून असलेल्या एका जुन्या लायब्ररीवर एक छोटी गोष्ट झटपट रचली, डीकॉप. ऑक्टोबर २००० मध्ये आलेल्या केडीई २.० मध्ये ती होती.

डीकॉपची खरी मजा कमांड लाइनवर होती. टर्मिनलमध्ये 'डीकॉप' एवढंच लिहिलं की सध्या बसवर कोण कोण आहे त्याची यादी येई. त्यातलं एक नाव पुढे जोडलं की त्याच्याकडच्या वस्तू दिसत, आणखी पुढे गेलं की त्या वस्तूंना काय काय सांगता येतं ते दिसे. म्हणजे दार ठोठावायचं आणि 'तुम्हाला काय काय येतं?' असं सरळ विचारायचं. मॅन्युअल कशाला हवंय? अमारॉकला 'प्लेपॉज' सांगा, गाणं थांबतं. शेल, पर्ल, पायथन, काहीही चालायचं.

पण डीकॉप केडीईपुरती होती, आणि निरोपांचा साचाही केडीईच्याच लायब्ररीचा. शेजारच्या ग्नोमला त्याचा उपयोग शून्य. म्हणून २००२ मध्ये रेड हॅटच्या हॅवॉक पेनिंग्टन वगैरे मंडळींनी डीकॉपवरूनच धडा घेऊन सगळ्यांसाठी डी-बस सुरू केली. तिची १.० आवृत्ती नोव्हेंबर २००६ मध्ये आली. जानेवारी २००८ मधल्या केडीई ४.० ने आपली डीकॉप निवृत्त करून डी-बस घेतली. स्वतःचं लेकरू बाजूला ठेवून शेजाऱ्यांबरोबरचं सामाईक स्वीकारायचं, हे आपल्या धंद्यात फार क्वचित दिसतं!

डी-बस समजायला आपल्या सोसायटीचा वॉचमन डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक फ्लॅटचं नाव त्याला माहीत. निरोप त्याच्याकडे द्यायचा, तो पोचवतो. 'पाणी आलं हो' असं कोणी ओरडलं तर ज्यांनी सांगून ठेवलंय त्यांनाच तो कळवतो. आणि गेट दोन. एक तुमच्या लॉगिनपुरतं, दुसरं अख्ख्या यंत्रासाठी. दुसऱ्या गेटवर जरा कडक बंदोबस्त, कारण तिथून नेटवर्क, बॅटरी, पेन ड्राइव्ह यांचे निरोप जातात. माझ्या पंधरा ओळींनी काय केलं? वॉचमनला सांगून ठेवलं, 'स्क्रीन लॉक झाल्याची हाक आली की मला सांग', आणि हाक आली की प्लेअरला 'थांब' असा निरोप दिला. बस.

आता दुसरी बाजू. मे २००० मध्ये फिलिपिन्समधून 'आय लव्ह यू' नावाचा ईमेल निघाला. सोबत व्हीबीस्क्रिप्टची छोटीशी फाइल. ती उघडली की ती आउटलुकला सांगे, 'पत्त्यांच्या वहीतल्या सगळ्यांना हेच पाठव.' आणि आउटलुक इमानेइतबारे पाठवी. ती काही बस नव्हती, पण तत्त्व तेच, की स्क्रिप्टने दुसऱ्या प्रोग्रॅमला कामाला लावायचं. जे दार माझ्यासाठी उघडं, ते चोरासाठीही उघडं.

त्यावर इलाज म्हणून पुढच्या काळात दारंच बंद होत गेली. फोनवर प्रत्येक अ‍ॅप आपापल्या खोलीत. कोणाशी काय बोलायचं ते अ‍ॅप बनवणारा आणि फोन बनवणारा ठरवणार. मी आपला फोन विकत घेणारा! सुरक्षितता वाढली हे खरंच आहे. पण दोन अ‍ॅपची गाठ घालून देणारा तिसरा माणूस, जो अमिगावर होता, डीकॉपवर होता, तो त्यातून जवळपास गायब झाला. लिनक्सवर फ्लॅटपॅकने निराळी वाट काढली आहे. तिथे बसच्या तोंडाशी एक चाळणी बसवतात, आणि कोणत्या अ‍ॅपने कोणाशी बोलावं हे वापरणाऱ्यालाही बदलता येतं. मला ही दिशा पटते. वॉचमन जरूर ठेवा, पण किल्ली घरमालकाकडे असू द्या.

आपण दिवसभर दुसऱ्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. निदान आपल्या कोडमध्ये एखादं दार ठेवावं, आपल्याला कधीही न सुचलेलं काम कोणीतरी त्यातून करून घेईल म्हणून. काउलिशॉला माझी गाणी कुठे माहीत होती?

असो. स्क्रीन उघडली की गाणं परत सुरू व्हावं, अशी सुधारणा काल रात्री केली. आज सकाळी चहा घेऊन जागेवर आलो, स्क्रीन उघडली आणि आतून आवाज आला, "झालं का परत सुरू ते!"

यावर अजून स्क्रिप्ट सापडलेली नाही.