डीपीआयचा डोलारा

चार बाय पाच किंवा आठ बाय दहा इंचांची शीट फिल्म स्कॅन करून घ्यायची म्हटली, की छायाचित्रकारांच्या वर्तुळात एकच सल्ला मिळतो. ड्रम स्कॅनर असलेली सेवा शोधा आणि ती देईल तेवढा जास्तीत जास्त डीपीआय, म्हणजे इंचामागे बिंदू, घ्या. पैसे एकदाच जातील, नंतर हळहळ नको. हा सल्ला इतका रुळला आहे की तो तीन गृहीतकांवर उभा आहे याचा विसर पडतो. डीपीआय जितका जास्त तितका तपशील जास्त, हे पहिले. सर्वांत वरचढ यंत्र प्रत्येक फिल्मला चालते, हे दुसरे. आणि सेवा घेणे म्हणजे यंत्र भाड्याने घेणे, हे तिसरे. यांतले एकही गृहीतक तपासणीला पूर्ण उतरत नाही.

पूर्वपक्षाला त्याचे श्रेय आधी दिले पाहिजे. ड्रम स्कॅनर जन्माला आला छपाईच्या धंद्यात. जर्मनीतील कील येथील रुडॉल्फ हेल यांची कंपनी, जपानची डाइनिप्पॉन स्क्रीन यांसारख्यांनी ही यंत्रे रंगीत छपाईसाठी घडवली. फिल्म पारदर्शक ॲक्रिलिकच्या ड्रमवर द्रवाच्या पातळ थरात बसवतात. ड्रम वेगाने फिरतो आणि प्रकाशाचा बारीक ठिपका फिल्ममधून पार होऊन फोटोमल्टिप्लायर ट्यूबवर पडतो. एका वेळी एकच बिंदू वाचला जातो, म्हणून शेजारच्या उजळ भागातला प्रकाश काळोख्या भागात सांडत नाही. द्रवामुळे बारीक ओरखडे बुजतात, न्यूटन रिंग्ज ही रंगीत वलये टळतात. फुजीच्या व्हेल्वियासारख्या दाट स्लाइडच्या सावल्यांतून रंग काढण्यात या यंत्राने दीर्घकाळ सगळ्यांना मागे टाकले. हे सारे खरे आहे. आक्षेप आहे तो यातून काढलेल्या सरसकट निष्कर्षाला.

प्रथम आकड्याचा विचार करू. जास्त डीपीआयचे पुरस्कर्ते फिल्मच्या माहितीपत्रकाचा आधार घेतात. व्हेल्विया ५० मिलिमीटरला १६० रेषाजोड्या टिपते, असे फुजीने छापले आहे. प्रत्येक जोडीला किमान दोन बिंदू धरले, तर इंचाला आठ हजारांवर बिंदू लागतात. म्हणून आठ हजार डीपीआय घ्या, असा हा हिशेब. पण त्याच पत्रकात त्याच ओळीशेजारी दुसरा आकडा असतो. १६० रेषाजोड्या मिळतात त्या हजारास एक अशा कॉन्ट्रास्टच्या चाचणीपट्टीवर; कॉन्ट्रास्ट १.६ ला १ केला की उरतात ८०. झाडाची पाने, भिंतीचा पोत, कापडाची वीण यांचा कॉन्ट्रास्ट या दुसऱ्या आकड्याच्या जवळचा असतो. हिशेब इथेच अर्ध्यावर येतो.

त्यातही फिल्मपर्यंत तेवढा तपशील पोचला पाहिजे. लार्ज फॉरमॅटच्या, म्हणजे शीट फिल्मच्या कॅमेऱ्याच्या, लेन्सची फोकल लेंग्थ मोठी आणि म्हणून डेप्थ ऑफ फील्ड उथळ. पुढच्या दगडापासून मागच्या डोंगरापर्यंत सगळे स्पष्ट हवे असेल तर ॲपर्चर बारीक करण्याला पर्याय नसतो, आणि ॲपर्चर बारीक झाले की डिफ्रॅक्शन, म्हणजे कडेशी वळून प्रकाशाचे पसरणे, आपला वाटा घेते. हिरव्या प्रकाशासाठी, दोन बिंदू वेगळे ओळखू येण्याच्या रॅलेच्या कसोटीने, एफ/२२ ला मिलिमीटरमागे साधारण ६८ रेषाजोड्या उरतात, एफ/३२ ला ४७, एफ/४५ ला ३३ आणि एफ/६४ ला जेमतेम २३. डीपीआयच्या भाषेत हे आकडे अनुक्रमे सुमारे ३,४५०, २,४००, १,७०० आणि १,२०० होतात. लेन्स निर्दोष, फोकस अचूक आणि तिपाई निश्चल धरून ही कमाल मर्यादा आहे. १९३२ साली सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन आदी छायाचित्रकारांनी सुस्पष्टतेचा झेंडा म्हणून आपल्या गटाचे नावच ‘ग्रुप एफ/६४’ ठेवले. त्या ॲपर्चरला दर मिलिमीटरचा तपशील खरे तर फार मोठा नसतो. वेस्टनच्या चित्रांतली सुस्पष्टता आली ती आठ बाय दहाच्या निगेटिव्हचा बहुधा कॉन्टॅक्ट प्रिंटच, म्हणजे न वाढवता निगेटिव्हएवढाच प्रिंट, काढला जात असे म्हणून. लार्ज फॉरमॅटची श्रीमंती क्षेत्रफळात आहे, आणि जास्त डीपीआयच्या आग्रहात नेमके हेच निसटते.

आता खर्चाची बाजू. चार बाय पाचची शीट २,४०० डीपीआयला १६ बिटमध्ये स्कॅन केली तर सुमारे साडेअकरा कोटी पिक्सेल आणि सातशे एमबीच्या आतली फाइल मिळते. इंचाला ३०० पिक्सेल धरले तर तिच्यातून ३२ बाय ४० इंचांचा प्रिंट निघतो. आठ हजार डीपीआयला तीच फाइल साडेसात जीबीच्या पुढे जाते, म्हणजे अकरा पट. साध्या टिफची चार जीबीची मर्यादाही ती ओलांडते. एफ/३२ ला घेतलेल्या चित्रात या अकरा पटींतला बहुतेक भाग फिल्मच्या कणांचे आणि डिफ्रॅक्शनने पसरलेल्या कडांचे मोठे चित्र असतो. काही ठिकाणी स्कॅनचा दर फाइलच्या आकारावर ठरतो, हेही ध्यानात घ्यावे. तिथे मोठ्या आकड्याचा सल्ला देणाऱ्याचा त्यात लाभ असतो.

जास्त सँपलिंगच्या बाजूने एक सबळ मुद्दा आहे. रॅलेची मर्यादा म्हणजे भिंत नव्हे. तिच्या पलीकडे अगदी क्षीण तपशील उरतो. शिवाय सँपलिंग फार कमी ठेवले तर फिल्मचे कण एकमेकांत मिसळून खऱ्यापेक्षा जाड दिसतात. म्हणून हिशेबाने आलेल्या आकड्यावर थोडे अधिक घ्यावे, हे मान्य. पण थोडे अधिक म्हणजे तिप्पट नव्हे.

त्यातून जाहिरातीतला डीपीआय प्रत्यक्षात मिळतोच असेही नाही. एप्सनच्या व्ही८५० या लोकप्रिय फ्लॅटबेडवर ६,४०० डीपीआय लिहिलेले असते. स्वतंत्र चाचण्यांत त्याच्या निम्म्यापेक्षाही कमी भरते. हॅसलब्लाडचा फ्लेक्सटाइट एक्स५ चार बाय पाचसाठी केवळ २,०४० सांगतो, आणि तरी दर्जेदार कामासाठी वर्षानुवर्षे वापरला गेला, कारण जेवढे सांगतो तेवढे तो बव्हंशी देतो. यंत्र किती बिंदू नोंदवते आणि किती तपशील वेगळा करते, या दोन बाबी भिन्न आहेत. फिल्म स्कॅनरचे खरे रिझोल्यूशन मोजण्यासाठी आयएसओ १६०६७-२ हे मानक आहे, आणि अमेरिकेतील सरकारी संस्थांची फॅडगी ही मार्गदर्शिकाही पिक्सेलच्या संख्येवर न थांबता प्रत्यक्ष मोजणी मागते. डीमॅक्सची, म्हणजे स्कॅनर वाचू शकतो त्या फिल्मच्या कमाल घनतेची (डेन्सिटीची), हीच कथा. कित्येकदा ‘४.०’ हा आकडा मोजणीतून येत नाही, केवळ बिटांच्या गणितातून येतो. १४ बिटांचे लॉगरिदम ४.२ भरते, म्हणून सेन्सरला तेवढ्या काळोखात काही दिसतेच असे नाही. आणि नीट डेव्हलप केलेल्या कृष्णधवल निगेटिव्हची डेन्सिटी सहसा दोनच्या पुढे जात नाही. तिच्यासाठी डीमॅक्सवर पैसे मोजण्यात अर्थ नाही; ते मोजावेत दाट स्लाइडसाठी.

दुसरे गृहीतक सर्वोत्तम यंत्राचे. ड्रमवर चढवायची तर फिल्म वाकली पाहिजे, आणि आपल्याकडचा बराच जुना ठेवा वाकणारा नाही. हैदराबादच्या निजामाचे छायाचित्रकार आणि १८९६ साली मुंबईत स्टुडिओ थाटणारे लाला दीनदयाळ यांच्या अडीच हजारांहून अधिक काचेच्या निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. काच ड्रमला गुंडाळता येत नाही. ॲसिटेटची जुनी फिल्म व्हिनेगरसारखा वास सोडू लागली की आक्रसते, तिचा थर सुरकुततो. तिला ताणून बसवणे धोक्याचे. नायट्रेट तर ज्वालाग्राही. कोकण-मुंबईच्या दमट हवेत बुरशी लागलेल्या फिल्मचे जिलेटिन पाण्यात विरघळण्याइतके नरम होते. अशी फिल्म पाण्याने पुसणारी सेवा बुरशीबरोबर चित्रही पुसून टाकते. अशा वेळी सपाट काचेवरचा स्कॅन किंवा वरून कॅमेऱ्याने केलेले डिजिटायझेशन हाच शहाणपणाचा मार्ग.

कृष्णधवल फिल्मपुरता आणखी एक भौतिक मुद्दा आहे. चांदीचे कण प्रकाश विखुरतात. एकाग्र प्रकाशात अशी निगेटिव्ह अधिक कॉन्ट्रास्टी दिसते आणि ओरखडेही उठून दिसतात. १९०९ साली कॅलिए यांनी याचा अभ्यास केला आणि त्यांचेच नाव या परिणामाला मिळाले. ड्रमवर द्रव वापरल्याने ओरखडे कमी होतात, पण पसरट प्रकाशाचा चांगला फ्लॅटबेड किंवा कॅमेरा-स्टँड या फिल्मला मुळातच सौम्य वागवतो. उलट, धूळ आपोआप काढणाऱ्या इन्फ्रारेड तंत्राच्या जोरावर कृष्णधवल स्कॅन विकणारी सेवा दिसली तर सावध व्हावे. चांदी इन्फ्रारेड अडवते, त्यामुळे ते तंत्र चित्रालाच धूळ समजते.

यावर हल्ली उलट टोकाचे मत ऐकू येते: कॅमेऱ्याने सगळे भागते, सेवा हवीच कशाला? तेही फसवे आहे. फेज वनच्या १५० मेगापिक्सेलच्या बॅकने चार बाय पाचची शीट एका टिपणात २,६०० डीपीआयच्या पुढे जाते. वर दिलेल्या बहुतेक ॲपर्चरांना ते पुरेसे आहे. पण फिल्म सपाट हवी, सेन्सरशी समांतर हवी, प्रकाश चारही कोपऱ्यांत सारखा हवा, लेन्स कडेपर्यंत खणखणीत हवी. साठ मेगापिक्सेलच्या साध्या कॅमेऱ्याने एका टिपणात सोळाशेच्या आसपासच मिळते. पुढे जायचे तर तुकडे जोडावे लागतात. कॅमेरा स्वस्त झाला, काम सोपे झालेले नाही.

तिसरे गृहीतक माझ्या मते सर्वांत घातक आहे. स्कॅन करताना निर्णय यंत्र घेत नाही. रंगीत निगेटिव्हचा नारिंगी मास्क काढून रंग उलटवताना आकाश कोणत्या निळ्याचे ठेवायचे, हे ऑपरेटर ठरवतो. काळा आणि पांढरा बिंदू कुठे लावायचा, हेही तोच ठरवतो. तिथे हात घट्ट पडला तर सावली आणि ढग कायमचे कापले जातात. त्याने शार्पनिंग चढवून फाइल दिली तर ती पडद्यावर झकास दिसते आणि मोठ्या प्रिंटवर कडांना पांढऱ्या रेघा उमटतात. उत्तम ड्रमवरून घेतलेली, आठ बिटांची, कापलेल्या सावल्यांची, शार्पनिंग केलेली फाइल ही साध्या यंत्रावरच्या निगुतीने केलेल्या स्कॅनपुढे हरते. स्कॅन म्हणजे धान्य आहे, शिजवलेला भात नव्हे. मीठमसाला नंतर आपण घालायचा, म्हणून ते कच्चे आणि पूर्ण मिळाले पाहिजे.

तर सेवा निवडावी कशी? क्रम उलटा करावा. आधी फिल्म पाहावी: स्लाइड की निगेटिव्ह, रंगीत की कृष्णधवल, धड की जर्जर, कोणत्या ॲपर्चरला घेतलेली. मग हेतू: पुस्तकात अर्ध्या पानावर छापायचे आहे, भिंतीभर प्रिंट काढायचा आहे की जतन करायचे आहे. या दोहोंतून डीपीआय हिशेबाने निघतो. त्यानंतर सेवेला विचारावे: फिल्म कोण हाताळणार, साफ कशाने करणार, द्रवात बसवणार का, मूळ प्रत कधी आणि कशी परत करणार. डेव्हलप झालेल्या फिल्मला विमानतळावरच्या एक्स-रेची भीती नसते. भीती असते ती वाकण्याची, उन्हाची आणि दमटपणाची. फाइलबद्दल लेखी ठरवावे: १६ बिट टिफ, रंगप्रोफाइल जोडलेला, शार्पनिंग बंद, सावली आणि उजेडाची दोन्ही टोके न कापलेली. शेवटी, फार मोलाची नसलेली पण अवघड अशी एक शीट दोन ठिकाणी द्यावी आणि दोन्ही फाइली सारख्याच आकारात प्रिंट करून सावली आणि कोपरे पाहावेत. हिस्टोग्राम आणि कागद जाहिरातीपेक्षा विश्वासू असतात.

यंत्राचे नाव या यादीत शेवटी येते. एफ/१६ ला घेतलेली, गच्च सावल्यांची, सुस्थितीतली स्लाइड मोठ्या प्रिंटसाठी हवी असेल तर ड्रम स्कॅनर हेच योग्य उत्तर ठरेल. तिथेही ते उत्तर फिल्मकडे पाहून काढलेले असते. भाव सांगण्यापूर्वी ॲपर्चर, फिल्म आणि प्रिंटचा आकार विचारणारी सेवा तुमच्या चित्राचा विचार करते आहे. आधी डीपीआय सांगणारी सेवा फाइल विकते आहे.